लाल डोळा, ताठ कंबर आणि पत्रातली ता. क.

देवगड तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग देते.

"माझे मिस्टर ३२ वर्षांचे. आमची हापूसची कलमं आहेत. फवारणीपासून पेट्या भरण्यापर्यंत सगळं तेच बघतात. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्यांचा उजवा डोळा लाल झाला. घरचे म्हणाले, ‘डोळे इलेत, चार दिसात बरे होतले.’ मेडिकलमधून थेंब आणले, हळूहळू कमी झालं. गेल्या वर्षी मोहोरावर फवारणी चालू असताना पुन्हा उजवाच डोळा. आम्हाला वाटलं औषध उडालं असेल. तेच थेंब घातले. आता डावा डोळा लाल झालाय. या वेळी उजेड अजिबात सोसत नाही, कपाळापर्यंत दुखतं आणि धूसर दिसतं. कणकवलीच्या डॉक्टरांनी मशीनवर बघून डोळ्याच्या आत सूज आहे म्हणून सांगितलं आणि लगेच विचारलं, कंबर दुखते का? कंबर तर लग्नाच्या आधीपासून दुखते. सकाळी तासभर ताठ असते, कामाला लागले की सुटते. आता एचएलए-बी२७, कमरेचा एक्स-रे, छातीचा फोटो, अजून बरंच काही करायला सांगितलंय. डोळ्याचा आणि कमरेचा काय संबंध? एवढ्या तपासण्या खरंच लागतात का? आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर आमच्या मुलाचंही रक्त तपासायचं का?

ता. क. माझ्या नणंदेची मुलगी पाच वर्षांची आहे. सहा महिने झाले, तिचा एक गुडघा सुजतोय. लहान मुलांचा संधिवात आहे म्हणतात. तिचे डोळे तपासून घ्या असं डॉक्टरांनी सांगितलंय, पण डोळे अगदी स्वच्छ आहेत, तिची काही तक्रार नाही. म्हणून गणपतीनंतर बघू असं ठरवलंय."

ताई, आधी ता. क. चं उत्तर देते, कारण तुमच्या पत्रात खरी घाई तिथे आहे. मिस्टरांचा डोळा दुखला, म्हणून ते डॉक्टरांपर्यंत पोचले. तुमच्या भाचीचा डोळा दुखणारच नाही. तिला गणपतीनंतर नको, याच आठवड्यात न्या.

लहान मुलांच्या संधिवातात, ज्याला डॉक्टर जेआयए म्हणतात, साधारण दहातल्या एक-दोन मुलांच्या डोळ्यात आतून सूज येते. ती गुपचूप येते. डोळा पांढराशुभ्र राहतो, पाणी येत नाही, मूल खेळतं, टीव्ही बघतं. आत मात्र बुबुळाचा रंगीत पडदा मागच्या भिंगाला चिकटत जातो, बाहुली वेडीवाकडी होते, भिंगावर मोतीबिंदू धरतो, डोळ्यातला दाब वाढतो, बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक भागावर आडवा पांढरट पट्टा चढतो. घरच्यांना काहीतरी वेगळं दिसायला लागतं तेव्हा बरीचशी नजर गेलेली असते. पाच वर्षांचं मूल ‘मला एका डोळ्याने कमी दिसतं’ असं सांगत नाही, कारण दुसऱ्या डोळ्याने त्याचं सगळं चालतं.

या त्रासाचा धोका ज्या मुलांना सर्वांत जास्त असतो, त्यांचं वर्णन तुमच्या भाचीशी बरंच जुळतं. मोजकेच सांधे धरलेले, आजार सात वर्षांच्या आत सुरू झालेला, आणि दुखणं सुरू होऊन चार वर्षं व्हायची आहेत. त्यात रक्तातली एएनए तपासणी पॉझिटिव्ह आली असेल, तर दर तीन महिन्यांनी डोळे तपासायचे, हा जगभर पाळला जाणारा नियम आहे. ती तपासणी झाली आहे का, ते तिच्या डॉक्टरांना विचारा. पॉझिटिव्ह आली तर घाबरू नका. एएनए म्हटलं की लोक इंटरनेटवर ल्युपस या गंभीर आजाराचं वाचत बसतात. इथे त्या तपासणीचा उपयोग एवढाच की या मुलीचे डोळे किती वेळा बघायचे ते ठरवता येतं.

‘बॅटरी मारून बघितलं, डोळे चांगले आहेत,’ असं कुणी सांगितलं तर त्यावर थांबू नका. ही सूज फक्त स्लिट लॅम्पवर दिसते, म्हणजे हनुवटी टेकवून बसायचं ते मशीन. पाच वर्षांची मुलगी त्यावर छान बसते, थोडी तयारी लागते. घरी आईने मूठ टेबलावर ठेवायची, तिने त्यावर हनुवटी टेकायची, कपाळ बाबांच्या तळहाताला लावायचं आणि दहा आकडे होईपर्यंत हलायचं नाही. दोन दिवस हा खेळ खेळा. दवाखान्यात उंची पुरत नसेल तर खुर्चीत गुडघ्यांवर उभं करा. मात्र त्यातला सुजलेला गुडघा दुखत असेल तर सरळ आईच्या मांडीवर बसवा.

पहिली तपासणी स्वच्छ आली तरी तारीख लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी परत जा. गुडघा बरा झाला, औषधं थांबली, तरीही जा. सांधा शांत असताना डोळा सुजलेला असू शकतो.

आता मिस्टरांकडे वळू.

डोळ्याचा आणि कमरेचा संबंध आहे, आणि तुमच्या कणकवलीच्या डॉक्टरांनी तो एका प्रश्नात पकडला याचं मला फार बरं वाटलं. डोळ्याच्या पांढऱ्या भागाखाली रक्तवाहिन्यांनी भरलेला एक थर असतो. बुबुळाचा रंगीत पडदा हा त्याचाच पुढचा भाग. त्या थराला सूज आली की युव्हायटिस म्हणतात. काही लोकांची प्रतिकारशक्ती कमरेच्या सांध्यांवर आणि पाठीच्या मणक्यांवर उलटते, त्यालाच अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस म्हणतात, आणि तीच डोळ्याच्या पुढच्या भागावरही उलटते. या कमरेच्या आजारात साधारण चारातल्या एकाला कधी ना कधी डोळ्याचा असा झटका येतो. एचएलए-बी२७ या जनुकाचा दोन्ही आजारांशी असलेला संबंध १९७३ साली समोर आला. म्हणजे वैद्यकाला ही गोष्ट नवी नाही. तरी पेशंट कंबर घेऊन हाडांच्या डॉक्टरकडे जातो आणि डोळा घेऊन मेडिकलच्या दुकानात, आणि दोन्ही दुखणी एका कागदावर कधी येत नाहीत. आयर्लंडमध्ये डब्लिनच्या डॉक्टरांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. डोळ्याच्या पुढच्या भागाला अशी अचानक सूज आलेल्या पेशंटमध्ये जवळपास ४० टक्के लोकांना या जातीचा मणक्याचा आजार निघाला, आणि तोवर त्याचं निदानच झालेलं नव्हतं.

तुमच्या पत्रातच निदानाचा निम्मा भाग आहे, ताई. सुरुवात अचानक. एका वेळी एकच डोळा. परत परत येणं, आणि कधी या डोळ्याला तर कधी त्या. उजेड न सोसणं. डोळे येतात तेव्हा चिपडं धरतात, सकाळी पापण्या चिकटतात, खाज सुटते, एक-दोन दिवसांत दुसरा डोळाही लाल होतो आणि घरात आणखी कुणाला तरी लागण होते. तुमच्या घरात तीनही वेळा दुसऱ्या कुणालाच झालं नाही, निदान पत्रात तरी तसं नाही. लाली कुठे आहे त्यावरूनही कळतं. डोळे आले की पापणीच्या आतल्या बाजूला जास्त लाल दिसतं. युव्हायटिसमध्ये काळ्या बुबुळाच्या कडेने जांभळट लाल कडं धरतं. आणखी एक खूण अशी, की दुखरा डोळा हाताने झाकून चांगल्या डोळ्यावर बॅटरी मारली तरी झाकलेल्या डोळ्यात कळ येते, कारण दोन्ही बाहुल्या एकदमच आकसतात. हे घरी करून निदान ठरवू नका. असं होत असेल तर त्याच दिवशी निघा, एवढ्यासाठी सांगितलं.

फवारणीचं औषध उडलं असतं, तर त्याच क्षणी आग झाली असती आणि बहुधा दोन्ही डोळ्यांची. तसं कधी झालंच तर आधी स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं डोळे धुवायचे, मग दवाखाना.

मग मेडिकलच्या थेंबांनी आराम कसा पडला? लाल डोळ्यासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या अनेक थेंबांत अँटिबायोटिकच्या जोडीला स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडने सूज उतरते, मग तिचं कारण काहीही असो. थोडा आराम पडला की थेंब थांबतात, आत राहिलेली सूज तशीच राहते आणि पडदा भिंगाला चिकटायला वेळ मिळतो. म्हणून आराम पडला, याचा अर्थ डोळे आले होते असा होत नाही. ही सवय आपल्या भागात खरंच घातक आहे. लावणीच्या वेळी भाताचं पातं डोळ्याला लागतं, ग्रास कटरने गवत काढताना काडी उडते, आणि तिथे बुरशीची जखम होते. त्यावर स्टेरॉइड पडलं तर डोळा हातचा जातो. नागिणीच्या जातीचे विषाणू बुबुळावर फांद्यांसारखी जखम करतात, तिथेही तेच. म्हणूनच डॉक्टर पिवळ्या रंगाची पट्टी डोळ्याला लावून निळ्या उजेडात बघतात. जखम असेल तर ती हिरवी चमकते. स्टेरॉइड सुरू करायच्या आधी ही एक मिनिटाची तपासणी झालेली असावी. जुन्या थेंबांचं खोकं जपून ठेवलं असेल तर डॉक्टरांना दाखवा, पण पुन्हा घालू नका.

मशीनवर त्यांनी काय बघितलं, तेही सांगते. स्लिट लॅम्पमधून केसासारखी बारीक उजेडाची फट डोळ्यात तिरकी सोडतात. बुबुळाचा पुढचा पारदर्शक भाग आणि रंगीत पडदा यांच्यामधलं पाणी एरवी काचेसारखं स्वच्छ असतं, उजेड आरपार जातो आणि मध्ये काही दिसत नाही. सूज आली की त्यात पांढऱ्या पेशी तरंगायला लागतात, कौलातल्या काचेतून आलेल्या कवडशात धुळीचे कण दिसावेत तशा. त्या चक्क मोजतात. एक मिलिमीटर लांब-रुंद फटीत ६ ते १५ दिसल्या तर एक प्लस, ५० च्या वर गेल्या तर चार प्लस. ही मोजपट्टी २००५ साली जगभरच्या युव्हायटिसतज्ज्ञांनी ठरवली. तुमच्या केसपेपरवर ‘सेल्स’ च्या पुढे असा आकडा लिहिलेला असेल. पुढच्या भेटीत तो खाली आला का, ते विचारा. डोळ्याची लाली कमी होणं आणि हा आकडा खाली येणं यांत फरक पडू शकतो, आणि थेंब कधी कमी करायचे ते या आकड्यावर ठरतं.

त्याच बैठकीत डोळ्याचा दाब मोजायचा आणि बाहुली मोठी करून डोळ्याचा मागचा पडदा, म्हणजे रेटिना, तोही बघायचा. मिस्टरांना धूसर दिसतंय. ते पुढच्या सुजेमुळे असेल, पण कधी कधी मागच्या पडद्याच्या मध्यभागी पाणी धरतं, ते ओसीटी स्कॅनमध्ये कळतं. मागचा पडदा बघितलेला नसेल तर आठवण करून द्या.

तपासण्यांबद्दल तुमचा प्रश्न रास्त आहे, पैसे झाडाला लागत नाहीत. माझं मत असं की त्यांच्या बाबतीत सांगितलेल्या तपासण्यांना कारण आहे. एचएलए-बी२७ आयुष्यात एकदाच करायची, ती बदलत नाही. पण एकट्या त्या रिपोर्टने काही सिद्ध होत नाही. ठणठणीत माणसांतही हे जनुक असतं आणि त्यांतल्या बहुतेकांना कधीच आजार होत नाही. उलट, कंबर आणि डोळा दोन्ही अशी गोष्ट सांगत असताना ती निगेटिव्ह आली, तरी विषय संपत नाही. कमरेच्या एक्स-रेचं तसंच. सुरुवातीची काही वर्षं तो नॉर्मल दिसू शकतो, आणि संशय राहिला तर एमआरआयमध्ये सूज आधी दिसते. ईएसआर, सीआरपी या सुजेच्या रक्ततपासण्या नॉर्मल आल्या म्हणून आजार नाही, असंही समजू नका. सर्वांत वजनदार पुरावा मिस्टरांच्याच तोंडचा आहे. पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेलं, तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेलं, आराम केला की वाढणारं आणि हालचालीने सुटणारं दुखणं. ओझं उचलून लचकलेली कंबर याच्या उलट वागते, तिला आरामाने बरं वाटतं. पहाटे दुखून जाग येते का, टाच दुखते का, अंगावर खवल्यांचे चट्टे आहेत का, रक्ताचे जुलाब होतात का, हेही त्यांना शांतपणे विचारा आणि लिहून न्या. कलमांत राबणारा माणूस अंगदुखीला आजार मानत नाही आणि डॉक्टरांसमोर सगळं नाहीच म्हणतो, म्हणून तुम्ही सोबत जा.

छातीचा फोटो, आणि सोबत मांटू किंवा इग्रा सांगितली असेल तर ती, टीबीसाठी आहे. आपल्या देशात टीबीमुळेच युव्हायटिस होऊ शकतो. शिवाय पुढे अडालिमुमॅबसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शनं लागली तर ती झोपलेला टीबी जागा करू शकतात, म्हणून आधी बघून ठेवतात. यादीत व्हीडीआरएल किंवा टीपीएचए, म्हणजे सिफिलिस या गुप्तरोगाची तपासणी, दिसली तर मनात काही आणू नका. सिफिलिस डोळ्यात कुठल्याही सुजेचं सोंग घेतो आणि तो साध्या औषधाने बरा होतो, म्हणून युव्हायटिसच्या बहुतेक पेशंटची ही तपासणी करतात. तुमच्या नवऱ्यावर कुणी संशय घेतलेला नाही. लॅबवाले ‘अर्थरायटिस प्रोफाइल’ म्हणून मोठं पॅकेज सुचवतील, ते मात्र घेऊ नका. त्यातला आरए फॅक्टर, म्हणजे आमवाताची रक्ततपासणी, या प्रकारच्या डोळ्यासाठी निरुपयोगी आहे, आणि चुकून पॉझिटिव्ह आला तर फुकटची चिंता.

सिंधुदुर्गात राहता म्हणून एक प्रश्न मी जोडते. गेल्या वर्ष-सहा महिन्यांत त्यांना लेप्टो, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप, झाला होता का, किंवा पाण्या-चिखलात काम केल्यावर जोराचा ताप येऊन अंग, पोटऱ्या दुखल्या होत्या का? लेप्टो बरा झाल्यावर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीसुद्धा, डोळ्याच्या आत सूज येते. १९९४ साली मदुराईकडे पुरानंतर अशा पेशंटची रांग लागली होती. दोन वर्षं आलटून पालटून येणारं मिस्टरांचं दुखणं त्यात बसत नाही असं मला वाटतं, पण ताप झाला असेल तर डॉक्टरांना सांगायलाच हवं.

मुलाचं रक्त तपासू नका. वडिलांकडून हे जनुक मुलाला मिळण्याची शक्यता निम्मी असते, पण जनुक असणं हा आजार नाही. निरोगी मुलाच्या माथी उगाच एक शिक्का बसेल. मोठेपणी त्याची कंबर सकाळी ताठ व्हायला लागली किंवा डोळा लाल होऊन दुखला, तर वडिलांचा आजार डॉक्टरांना सांगायचा, एवढं पुरे.

घरात कुणाला आमवात (रुमॅटॉइड आर्थरायटिस) असेल, तर त्यांच्यासाठी दोनच गोष्टी. डोळ्याचं दुखणं खोल, ठणकणारं, रात्री झोपेतून उठवणारं असेल आणि पापणीवरून डोळ्याला हात लावला तरी दुखत असेल, तर ती पांढऱ्या भागाची सूज असू शकते, स्क्लेरायटिस. डॉक्टर एक थेंब घालून बघतात. वरवरची लाली त्याने काही मिनिटांत ओसरते, खोलवरची तशीच राहते. ही सूज थेंबांनी आटोक्यात येत नाही, पोटातून औषध लागतं, आणि आमवात शरीरात इतरत्र जोर करतोय याची ती सूचना असू शकते. दुसरं, हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी चालू असेल तर पहिल्या वर्षात एकदा आणि पाच वर्षांनंतर दर वर्षी मागचा पडदा तपासून घ्यायचा. गोळी मनाने बंद करायची नाही.

मिस्टरांचे थेंब ठरल्या वेळी घाला. सुरुवातीला दर तासाला स्टेरॉइडचा थेंब असतो, कंटाळा येतो, पण हेच दिवस महत्त्वाचे. पुढे ते हळूहळू, सहसा चार ते सहा आठवड्यांत, कमी करतात. मध्येच बंद केले तर सूज उसळते. फार दिवस तपासणीशिवाय चालू ठेवले तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. दुसरा थेंब बाहुली मोठी ठेवणारा आहे, पडदा भिंगाला चिकटू नये म्हणून. त्याने जवळचं दिसत नाही आणि उजेड आणखी टोचतो. तो चालू असेपर्यंत मोटरसायकल, कोयता आणि ग्रास कटर त्यांच्या हातात देऊ नका. नंतरही ग्रास कटर चालवताना चष्मा लावायलाच हवा.

कंबरेसाठी संधिवाततज्ज्ञ गाठावा लागेल. तुमच्याकडून लोक कोल्हापूर, गोवा किंवा मुंबईला जातात. जिथे चाकरमानी नातेवाईक असेल आणि परत परत जाणं जमेल, ते शहर निवडा, कारण ही वर्षानुवर्षांची ये-जा आहे. जाताना तीनही झटक्यांचे महिने, कुठला डोळा, किती दिवस, कुठले थेंब, हे एका कागदावर लिहा. कणकवलीच्या डॉक्टरांचा केसपेपर सोबत न्या आणि संधिवातवाल्यांची चिठ्ठी परत त्यांना दाखवा. पुढच्या वेळी डोळा लाल झाला, तर थेंब घालायच्या आधी खिडकीजवळच्या उजेडात मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि २४ तासांत स्लिट लॅम्पपर्यंत पोचा.

आणि नणंदबाईंना आज फोन करा. कणकवलीला जमत नसेल तर ओरोसच्या सरकारी रुग्णालयात नेत्रविभाग आहे. तिथे इतकंच सांगायचं: "मुलीला सांध्यांचा आजार आहे, डोळ्यात आतून सूज आहे का ते स्लिट लॅम्पवर बघून द्या."